जुन्या सामानाचं घर खरंच स्वस्त पडतं का?

एखादी इमारत पाडताना थांबून पाहिलंय कधी? यंत्राचा लांब हात येतो, आधी छपरावर दणका, मग भिंतीवर, आणि दिवस मावळायच्या आत साठ-सत्तर वर्षांचं घर ढिगाऱ्यात जमा होतं. त्या ढिगातून एक अख्खं दार डोकं वर काढून असतं, रंग उडालेलं पण सरळ. बाजूला तुळईचं टोक दिसतं, धडधाकट विटा दिसतात. नव्या घराचं अंदाजपत्रक खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या मनात तेव्हा एकच विचार येतो: हे सगळं उचलून नेलं तर?

मोबाईलवर अशा घरांचे व्हिडिओ हल्ली सारखे समोर येतात. ‘भंगारातून उभारलं घर, खर्च निम्म्याहून कमी!’ खाली प्रतिक्रियांमध्ये दोन तट पडलेले असतात. एकाला लगेच तसंच घर बांधायचं असतं, दुसऱ्याच्या मते ते पहिल्याच पावसात बसणार असतं. दोघांचंही थोडं थोडं चुकतं. जुन्या सामानातून चांगलं, टिकाऊ घर होतं, हे जगभर अनेकांनी बांधून दाखवलंय. पण पैसे नेमके कुठे वाचतात आणि कुठे वाचल्यासारखे फक्त वाटतात, हे त्या पाच मिनिटांच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

## आधी दोन शब्द वेगळे करू

जुनं पुस्तक विकत घेऊन वाचणं वेगळं आणि रद्दीचा लगदा करून नवा कागद बनवणं वेगळं. पहिल्याला म्हणायचं पुनर्वापर, दुसऱ्याला पुनर्चक्रण. इमारतीच्या बाबतीत वीट विटेच्याच कामाला लावली तर तो पुनर्वापर. काँक्रीट फोडून त्याची खडी केली, लोखंड वितळवून नव्या सळया पाडल्या, तर ते पुनर्चक्रण. दुसरं काम कारखान्याचं आहे, घर बांधणाऱ्याचा त्याच्याशी फारसा संबंध येत नाही. आपण इथे पहिल्याबद्दल बोलतोय.

पुनर्वापराला एवढं महत्त्व का, हे विटेकडे पाहिलं की कळतं. माती मळली, साच्यात घातली, वाळवली, आणि मग 900 ते 1000 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली. खर्चाचा आणि इंधनाचा मोठा वाटा त्या भट्टीत गेला. जुनी वीट भट्टीतून एकदाच गेलेली असते आणि ते भाजणं वाया जात नाही. सिमेंटची भट्टी तर 1450 अंशांपर्यंत तापते. शिवाय चुनखडी तापली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे जगभर माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटच्या नावावर जमा होतो. म्हणून युरोपातले वास्तुरचनाकार या विषयाकडे मुख्यतः हवामानाच्या बाजूने येतात. घर बांधणारा सामान्य माणूस पैशाच्या बाजूने येतो. दोघांच्या वाटा पुष्कळ अंतर बरोबर जातात, पण शेवटपर्यंत नाही.

ही कल्पना काही नवी नाही. रोममध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनची कमान इसवी सन 315 मध्ये उभी राहिली, तेव्हा तिच्यावर ट्राजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस या आधीच्या सम्राटांच्या स्मारकांवरची शिल्पं काढून बसवली होती. जगात जिथे जिथे दगड घडवणं महाग होतं, तिथे तिथे लोकांनी पडक्या वास्तूंतले दगड नेले. घडवलेला दगड टाकून देण्याची चैन अलीकडची आहे.

## सगळं जोडावर ठरतं

जुन्या घरातून काय मिळेल हे ते सामान किती चांगलं आहे यापेक्षा ते कसं जोडलंय यावर ठरतं. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

चुन्याच्या मालात, म्हणजे विटा जोडणाऱ्या मिश्रणात, रचलेली जुनी भिंत असेल, तर पटाशीचा हलका ठोका दिला की माल सुटतो आणि वीट साबूत हातात येते. चुना विटेपेक्षा मऊ असतो. दोघांत ओढाताण झाली तर चुना हरतो. सिमेंटचा माल उलटा. तो पुष्कळदा विटेपेक्षाही कडक होतो, त्यामुळे ठोका मारला की माल जागेवर राहतो आणि वीट फुटते. पोर्टलँड सिमेंटचं, म्हणजे आज सगळीकडे वापरतात त्या प्रकारच्या सिमेंटचं, पेटंट इंग्लंडमध्ये 1824 साली घेतलं गेलं, पण साध्या घरांच्या भिंतींत ते मुरायला पुढे बरीच दशकं गेली. म्हणून फार जुन्या घराच्या विटा परत मिळतात आणि त्यामानाने नव्या घराच्या मिळत नाहीत. वय जास्त, उपयोग जास्त, असा हा उफराटा हिशेब आहे.

कोपनहेगनमध्ये 2019 च्या सुमारास झालेल्या ‘रिसोर्स रोज’ नावाच्या गृहसंकुलाच्या वास्तुरचनाकारांपुढे हीच अडचण होती. कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या आणि इतर काही इमारतींच्या विटा वापरायच्या होत्या, पण त्या सिमेंटमध्ये घट्ट बसलेल्या. एकेक वीट सोडवण्याचा नाद त्यांनी सोडला आणि भिंतीच कापून काढल्या, साधारण एक-एक मीटरचे चौकोन. ते चौकोन नव्या इमारतीच्या दर्शनी बाजूला फरशीसारखे बसवले. युक्ती झकास, पण त्यासाठी कापायची यंत्रं लागतात, उचलायला क्रेन लागते. एकट्यादुकट्याच्या घराचं ते काम नव्हे.

लाकडाचंही तसंच. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर खुंटी ठोकलेली छपराची जुनी कैची (कौलांखालचा तिकोनी सांगाडा) खुंटी काढली की सुटते. स्क्रू उलटा फिरतो. खिळा कुरकुरत निघतो आणि निघताना लाकडाचं टोक चिरतो. सरसानं चिकटवलेलं मात्र सुटतच नाही. भुसा सरसात दाबून केलेल्या फळ्यांचं (पार्टिकल बोर्डचं) कपाट उतरवताना ते हातातच विरघळल्यासारखं होतं, ते यामुळेच.

म्हणून ‘घर पाडणं’ आणि ‘घर उतरवणं’ ही दोन वेगळी कामं आहेत. पाडणं यंत्राचं, उतरवणं माणसांचं. उतरवताना बांधकामाचा क्रम उलटा चालवतात: आधी दारं-खिडक्या, मग कौलं, मग वासे, शेवटी भिंती. अमेरिकेत पोर्टलँड शहराने 2016 साली नियमच केला, की 1916 किंवा त्याआधीची घरं काढायची असतील तर ती यंत्राने न पाडता हातानं उतरवावी लागतील. पुढे 2020 मध्ये ही मर्यादा 1940 पर्यंतच्या घरांना लावली.

## फुकट मिळालं, मग स्वस्तच पडणार ना?

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. एक काल्पनिक हिशेब करू, आकडे फक्त समजण्यापुरते.

समजा घराचा एकूण खर्च 100 आहे. त्यात सामानाचे 60 आणि मजुरीचे 40. या 60 मध्ये पाया, सळया, सिमेंट, वायरिंग, नळ अशा जुन्या न चालणाऱ्या गोष्टी वगळल्या, तर जुनं घेता येईल असं सामान उरलं समजा 25 चं. ते तुम्हाला निम्म्या किमतीत मिळालं, म्हणजे साडेबारा वाचले. आता त्यातून वजा करा. विटा साफ करायची मजुरी. टेम्पोच्या फेऱ्या. चार महिने ते सामान झाकून ठेवायची जागा. वाकड्या चौकटीला सरळ करण्यात सुताराचे गेलेले जास्तीचे दोन दिवस. गवंड्यालाही कमी-जास्त मापाच्या विटा रचायला वेळ लागतो आणि तो रोजावर असेल तर तो वेळ तुमच्याच खिशातून जातो. हे सगळं मिळून सात-आठ झालं, तर हातात राहिले चार-पाच.

चार-पाच टक्के! निम्म्या खर्चात घर म्हणणारे मग खोटं बोलतात का? तसं नाही. ते एक गोष्ट सांगत नाहीत. त्यांनी मजुरी स्वतः केलेली असते. वरच्या हिशेबात विटा तुम्ही साफ केल्या, चौकटी तुम्ही खरवडल्या, फरशी तुम्ही बसवली, तर मजुरीच्या 40 मधले पंधरा-वीस वाचू शकतात, आणि खरी बचत तीच असते. जुनं सामान त्या बचतीला वाव देतं, कारण ते मिळतं स्वस्त आणि कष्ट मागतं जास्त. ज्याच्याकडे पैसा कमी आणि हात मोकळे आहेत त्याला हे गणित जमतं. दोन्ही नसणाऱ्याला जमत नाही, आणि हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं.

जुन्या टायरांत माती ठासून भिंती उभारायची पद्धत हे याचं टोकाचं उदाहरण. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या ताओस भागात मायकेल रेनॉल्ड्स यांनी 1970 च्या दशकापासून ती रुजवली. टायर फुकट, माती फुकट. पण प्रत्येक टायर घणाने ठोकून ठोकून भरावा लागतो आणि भिंतीला असे शेकडो लागतात. फुकटच्या टायरांची किंमत पाठीचा कणा मोजतो.

मग जुनं घ्यायचं काय? ज्या वस्तूत मजुरी आधीच ओतलेली आहे आणि जी सहज सुटते, ती. अस्सल लाकडाचं दार, चौकटीसकट खिडकी, घडीव दगड, पायरीचे लांब दगड, कौलं, जाड फरशी, लोखंडी जिना, जाळी, कठडे, पितळी कड्या-बिजागऱ्या. सुताराने आठवडाभर खपून केलेलं दार जुनं म्हणून कमी किमतीत मिळतं तेव्हा तुम्ही त्याचा आठवडा स्वस्तात घेत असता. याउलट साधी वीट ही मुळातच स्वस्त वस्तू. तिला साफ करण्यात तिच्या किमतीहून जास्त मजुरी जाऊ शकते. जवळच मिळाली आणि स्वतः साफ करणार असाल तरच तिच्या नादी लागा.

## आधी खिडकी, मग भिंत

नेहमीच्या घराचा क्रम ठरलेला असतो. नकाशा, मग यादी, मग खरेदी. जुन्या सामानाच्या घरात हा क्रम उलटतो. आधी काय मिळालंय ते पाहायचं, त्यावरून नकाशा काढायचा. हे ऐकायला सोपं आणि पाळायला अवघड. लोक नकाशा मंजूर करून घेतात आणि मग त्या मापाची जुनी खिडकी शोधत वणवण फिरतात. ती मिळत नाही. मिळाली तर चार बोटं मोठी असते, मग तयार भिंत फोडावी लागते, आणि स्वस्त खिडकी नव्या खिडकीहून महाग पडते.

नेदरलँड्समधल्या एन्शेडे गावात 2009 साली पूर्ण झालेलं व्हिला वेल्पेलू हे घर या उलट्या क्रमाचं ठळक उदाहरण. वास्तुरचनाकारांनी आधी जागेच्या आसपास कुठे काय पडून आहे याचा नकाशा काढला. एका कापड गिरणीचं मोठं यंत्र मोडीत निघालं होतं, त्याच्या पोलादाचा घराचा सांगाडा झाला. विजेच्या केबली गुंडाळायची मोठी लाकडी रिळं मिळाली, त्यांच्या पट्ट्यांचं बाहेरचं आवरण झालं. खोल्या किती रुंद असाव्यात हे यंत्राच्या पोलादाच्या लांबीने ठरवलं. ते घर काही गरिबाचं नाही, पण पद्धत शिकायला उत्तम आहे.

साध्या घरासाठी हीच पद्धत अशी: जागा ठरली की लगेच दारं-खिडक्या जमवायला लागा. प्रत्येकीला नंबर द्या, बाहेरून बाहेर माप लिहा, फोटो काढा आणि ती वही नकाशा काढणाऱ्याच्या हातात ठेवा. माप घेताना फक्त लांबी-रुंदी घेऊन थांबू नका. टेप एका वरच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरका धरा, मग दुसरा तिरका. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. पाव इंच फरक असेल तर सुतार सांभाळून घेतो. इंचभर असेल तर ती चौकट एका बाजूला कललेली आहे, तिच्यात दार कधीच नीट लागणार नाही. भाव ठरवायच्या आधी हे अर्ध्या मिनिटाचं काम करा. विकणारा नाक मुरडेल, मुरडू द्या.

दुसरी गोष्ट, एक खिडकी घेऊन येऊ नका. एकाच इमारतीतल्या सहा मिळत असतील तर सहाही घ्या. एकसारख्या वस्तू असल्या की गवंड्याचा आणि सुताराचा दोघांचाही वेळ वाचतो.

## जुनं म्हणजे कमकुवत, नाही का?

काही कमकुवत असतं, काही नव्यापेक्षा चांगलं असतं. कोणतं कुठलं, ते तपासता येतं.

विटेपासून सुरुवात करू. दोन विटा हातात धरून एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर चांगली भाजलेली, बद्द आवाज आला तर कच्ची किंवा आत तडा गेलेली. नखाने ओरखडा काढून पाहा, पक्क्या विटेवर तो उठत नाही. मग चार-पाच विटा निवडून त्या कोरड्या असताना वजन करा, 24 तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. तीन किलोची वीट भिजून 3.6 किलोहून जड झाली, म्हणजे 20 टक्क्यांहून जास्त पाणी प्यायली, तर ती बाहेरच्या भिंतीला घेऊ नका.

या तपासणीची गरज का, याचं कारण जुन्या गवंड्यांच्या सवयीत आहे. भट्टीतल्या सगळ्या विटा सारख्या भाजल्या जात नसत. जुने गवंडी पक्क्या विटा बाहेरच्या अंगाला लावत आणि मऊ विटा आत, जिथे पाऊस पोचत नाही. भिंत उतरली की दोन्ही एकाच ढिगात मिसळतात. वरून धूळ आणि चुना सारखाच. त्यातली मऊ वीट नव्या घराच्या बाहेरच्या अंगाला गेली, की काही पावसाळ्यांत तिचे पापुद्रे सुटायला लागतात आणि लोक म्हणतात, बघा, जुन्या विटा वाईट! वीट तशी वाईट नव्हती, चुकीच्या बाजूला लागली.

शिवाय जुन्या विटेची छिद्रं आधीच्या मालाने बुजलेली असतात, त्यामुळे नवा माल तिला नव्या विटेइतका घट्ट धरत नाही. म्हणून अशा विटा आतल्या पडद्या, कुंपण, फरसबंदी, एकमजली घराच्या भिंती अशा हलक्या कामाला लावाव्यात. मजल्यांचा भार नव्या सांगाड्यावर राहू द्यावा. भूकंपाच्या पट्ट्यात तर याला पर्याय नाही. तिथे जोत्यावर, खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सळई घातलेले पट्टे लागतात आणि ते नवेच हवेत.

लाकडाची गोष्ट अधिक आशादायक. जुन्या तुळईचं कापलेलं टोक पाहा, वर्षवलयं दाट असतात, एकमेकांना चिकटून. ती झाडं जंगलात सावकाश वाढलेली होती. आजचं लागवडीचं लाकूड भराभर वाढतं, त्याची वलयं विरळ असतात. त्यात जुनं लाकूड कित्येक दशकं वाळत पडलेलं, त्यामुळे आता ते फारसं आकसणार नाही, पिळा घेणार नाही. दोष असतात ते तीन ठिकाणी: भिंतीत रुतलेली टोकं, छपर गळत होतं तिथला भाग आणि खाचा पाडलेल्या जागा. टोकाला पेचकस दाबून पाहा. तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर तेवढं टोक कापून टाका. हातोडीने लांबीभर ठोकत जा, पोकळ आवाज आला तिथे वाळवीने आतून खाल्लेलं असतं. टाचणीएवढी भोकं आणि त्यांखाली ताजी, पिठासारखी पूड दिसली तर भुंगा अजून आत आहे. असं लाकूड घरात आणायचंच नाही.

टोकं कापल्यावर तुळई आखूड होते, आणि ही तोट्याची गोष्ट वाटत असली तरी तिच्यातच फायदा आहे. तुळईवर दर मीटरला तेवढंच वजन ठेवून तिची लांबी निम्मी केली, तर तिला वाकवणारा जोर निम्मा न होता चौथाई होतो. सहा मीटरच्या दालनावर राबलेली तुळई तीन मीटरच्या खोलीवर टाकली तर ती आरामात असते. जुनं लाकूड वापरायचा सुरक्षित मार्ग हाच, की त्याला पूर्वीपेक्षा हलकं काम द्यायचं.

करवतीखाली घालायच्या आधी सगळे खिळे काढा. धातूशोधक यंत्र फिरवून पाहता आलं तर उत्तमच. आत मोडून राहिलेला एक खिळा करवतीचं पातं खातो, कधी सुताराचा डोळाही. अशा कडक लाकडात नवा स्क्रू बसवताना आधी भोक पाडून घ्यावं लागतं, नाहीतर ते चिरतं.

## हे मात्र फुकट दिलं तरी नको

सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे, ज्यांत ॲस्बेस्टॉस असतो. तुटले, कापले, भोक पाडलं की त्यातून डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचा प्रत्येक प्रकार कर्करोगकारक आहे. स्वस्त छपराचा मोह इथे आवरायचा.

जुन्या रंगाबद्दलही जपून. पूर्वीच्या तैलरंगांत शिसं असायचं. अमेरिकेने घरगुती रंगांत त्यावर 1978 साली बंदी घातली, इतर देशांनी वेगवेगळ्या काळात. सुंदर जुन्या दाराला कोरडा पॉलिशपेपर मारला की शिशाची धूळ घरभर होते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांसाठी शिशाची कुठलीही सुरक्षित पातळी माहीत नाही. दार टाकून द्यायचं नाही, पण खरवडायचं ते ओलं करून, घराबाहेर, नाकातोंडावर चांगला मास्क लावून आणि खाली प्लास्टिक अंथरून. ज्योतीने रंग जाळून काढायची पद्धत तर अजिबात नको.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दणकट दिसतात, पण ते पुष्कळदा क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असतात. घराच्या आत, झोपायच्या खोलीत त्यांना जागा नाही. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटवर शिक्का पाहा. ‘एचटी’ अशी रोमन अक्षरं असतील तर ते लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर किमान 30 मिनिटं तापवून किडमुक्त केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते सोडून द्या. शिक्का एचटीचा असला तरी त्यावर काही सांडल्याचे डाग किंवा वास असेल तर नको.

काँक्रीटमधून काढून सरळ केलेली सळई बाजारात मिळते आणि स्वस्त मिळते. एखादी तार चार वेळा वाकवून सरळ करून पाहा, पाचव्यांदा ती तुटते. सळईला आत तशाच चिरा पडलेल्या असू शकतात. वरून काही दिसत नाही, आणि भूकंपात जिथे तिने ताणून तग धरायचा तिथेच ती तुटते. विजेच्या तारा, स्विच, गॅसची नळी, पाण्याच्या जुन्या पाइपलाइनी, गच्चीच्या गळतीबंदीचा माल, हे सगळं नवंच घ्या.

## परवानगी मिळेल?

मिळते, पण विचारावं लागतं. उदाहरणार्थ, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ज्याचा आधार घेतात त्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये वापरलेल्या सामानाला सरसकट बंदी नाही, अधिकाऱ्याची मान्यता लागते. सगळीकडे प्रश्न शेवटी एकच असतो: हा भाग भार पेलतो का? पेलत असेल तर तो किती पेलेल हे स्थापत्य अभियंत्याने लिहून द्यावं लागतं. दारं, फरशा, आतल्या पडद्या यांना सहसा कुणी हरकत घेत नाही. कर्ज काढणार असाल तर बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्याला आधीच कल्पना द्या. आणि प्रत्येक खरेदीची पावती घ्या, कारण जुन्या कोरीव दारांच्या चोऱ्या होतात आणि चोरीचं दार तुमच्या चौकटीत सापडलं तर समजावत बसावं लागतं.

## पण दिसायला गबाळं होईल ना?

होऊ शकतं. सहा खिडक्या सहा तऱ्हांच्या लावल्या तर घर भंगारवाल्याच्या अंगणासारखंच दिसेल. टेक्सासमधल्या हंट्सव्हिल गावात डॅन फिलिप्स यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी टाकाऊ सामानाची घरं बांधली. राहायला येणाऱ्यांना ते स्वतःबरोबर कामाला लावत. त्यांचं सूत्र सोपं होतं: कुठलीही वस्तू पुन्हा पुन्हा आली की तिची नक्षी होते. फोटो-फ्रेमच्या दुकानात नमुन्याचे कोपरे टाकून देतात. एक कोपरा हा कचरा, पण शेकडो कोपऱ्यांनी झाकलेलं छत पाहायला माणसं मान वर करून उभी राहतात.

चीनमध्ये निंगबोच्या संग्रहालयात (2008) वास्तुरचनाकार वांग शू यांनी पाडलेल्या खेड्यांतल्या विटा आणि कौलं रचून उंच भिंती उभ्या केल्या. वादळानंतर हाताला येईल त्या तुकड्यांची भिंत रचायची तिथल्या गवंड्यांची जुनी रीत होती, ती त्यांनी वापरली. 2012 मध्ये त्यांना वास्तुरचनेतला सर्वांत मानाचा समजला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. त्या भिंतींबद्दल एक गोष्ट मात्र फोटोत दिसत नाही: त्यांना मागून काँक्रीटचा आधार आहे. रूप जुन्याचं, जोर नव्याचा. साध्या घरातही ही वाटणी चालते.

## एवढा वेळ कुणाकडे आहे?

ही सगळ्यात रास्त हरकत आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. भाड्याच्या घराचं भाडं चालू असताना चांगल्या खिडकीची वाट पाहत सहा महिने थांबणं म्हणजे खिडकीची किंमत भाड्यात मोजणं. नोकरी करणाऱ्याने अख्खं घर जुन्या सामानाचं करायचं वेड घेऊ नये, असंच मी म्हणेन. दारं, खिडक्या आणि फरशी एवढंच जुनं, बाकी नेहमीसारखं, ही मध्यम वाट बहुतेकांना परवडते. तेही बांधकाम सुरू व्हायच्या आधी जमवलेलं आणि कोरड्या जागी, जमिनीपासून वर, आडव्या पट्ट्यांवर रचून ठेवलेलं. भिंतीला तिरकं टेकवून ठेवलेलं दार महिन्याभरात बाक घेतं.

आणि मिळवायचं कुठून? जुन्या सामानाच्या दुकानातून, हे एक उत्तर. स्वस्त उत्तर म्हणजे पाडकामाच्या ठेकेदाराकडून. यंत्र येण्याआधीचे दोन-तीन दिवस तो दारं-खिडक्या काढून घेत असतो आणि त्याला त्या ठेवायला जागा नसते. आसपास एखादी इमारत रिकामी झाल्याचं कळलं, तर मुकादमाला गाठून ‘खिडक्या कधी काढणार?’ एवढंच विचारा आणि त्या दिवशी टेप, वही आणि टेम्पो घेऊन हजर राहा. यंत्र सुरू झाल्यानंतर गेलात तर फक्त ढीग दिसेल.

नव्या जागी ते बसवताना चौकट स्क्रूने पक्की करा, खिळ्याने नको. विटा चुन्यात किंवा चुना जास्त असलेल्या मऊ मालात रचा. चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूवर पेन्सिलने लाकडाची जात, माप आणि ती कुठल्या साली कुठल्या घरातून आली ते लिहून ठेवा. गिलावा झाला की ती बाजू दिसेनाशी होईल. पुन्हा दिसेल ती हे घर उतरवणाऱ्यालाच.